किसनची मोटार वर आली का?

नदीला पाणी सोडणार अशी दवंडी दिली की माणसं नदीपासून लांब जातात, असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्याकडे उलटं आहे. दवंडी ऐकली की माणसं नदीकडे पळतात. मी गावची कोतवाल होते तोवर दर पावसाळ्यात हे पाहिलं. मला धास्ती असायची ती पाण्याची नव्हे, मीच ओरडून नदीवर धाडलेल्या माणसांची.

कारण मोटार. घोड नदीच्या दोन्ही काठांना शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी आहेत. मोटार पाण्याच्या जवळ लागते. पाणी खाली गेलं की ती खाली सरकवायची, वाढलं की वर ओढायची. पूर आला तर मोटार, पाइप, केबल सगळं जातं. म्हणून धरणाच्या निरोपातच लिहिलेलं असतं, नदीकाठच्या शेतकऱ्यांनी आपल्या मोटारी काढून घ्याव्यात. म्हणजे पाणी येतंय, तेव्हा पाण्यात उतरा. मोटार एकट्याला उचलत नाही. दोर लावून दोघंतिघं खाली उतरतात, एखादा वरून ट्रॅक्टरने ओढतो. बरं, वर काढली म्हणजे संपलं असंही नाही. केबलमधल्या तांब्यासाठी चोर टपलेले असतात. त्यामुळे मोटारीचा मालक काठावरच मोटारीला टेकून बसतो आणि तो पुराकडे पाठ करून बसतो, कारण चोर गावाकडून येतो.

हा अंक काढणारी पोरं माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजी, तुम्ही पाहिलेला मोठा पूर लिहा. मोठा पूर मी पाहिलेला नाही. एक मधला पूर पाहिला, त्यात कुणी मेलं नाही. कुणी मेलं नाही म्हणून तो पेपरातही आला नाही. तोच लिहिते.

कोतवाल म्हणजे तलाठ्याचा हातापायाचा माणूस. नोटीस पोचवायची, मोजणीला साखळी धरायची, बेवारस मढं सापडलं तर पोलीस येईपर्यंत राखायचं आणि दवंडी द्यायची. आमच्या घरात हे काम नवऱ्याकडे होतं. तो वारला, मी चौथी पास होते, कोतवालाला तेवढं शिक्षण चालायचं, म्हणून ते माझ्याकडे आलं. हलगी त्याचीच वापरली. सुरुवातीला बाप्ये हसायचे, बाईमाणूस हलगी वाजवतंय म्हणून. मग सवय झाली. हसायचे थांबले, पण ऐकायला लागले असं मात्र नाही.

याला कारण आहे. ज्या तोंडाने मी पुराचं सांगायची त्याच तोंडाने मी घरपट्टीचं, मोजणीचं, अतिक्रमण काढायचं सांगायची. गावात दहापाच घरं अशी आहेत की ज्यांची मूळ गावं धरणात गेली. त्यांनी लहानपणी अशीच दवंडी ऐकलेली, उठा म्हणून. ते उठले ते परत कधी गेले नाहीत. अशा माणसाला ऊठ म्हटलं की तो पाणी किती येणार हे विचारत नाही. आपण उठल्यावर तिथे कोण बसणार, हे विचारतो. त्याचं चुकतं असं मला कधी वाटलं नाही. माझा तरी कुणावर कुठे विश्वास होता?

त्यात एका वर्षी निरोप आला, मी दवंडी दिली, सगळ्यांनी मोटारी काढल्या आणि पाणी आलंच नाही. वरचा पाऊस थांबला म्हणून सोडलं नाही, चांगलीच गोष्ट. पण त्याच रात्री काठावरच्या दोघांच्या केबली गेल्या. दुसऱ्या दिवशी पारावर मला ऐकू जाईल अशा बेताने बोलणं झालं, "चोर आन कोतवालीण भागीदार हायत." मी तिथेच उभी राहून म्हटलं, "भागीदार असते तर फाटकं लुगडं नेसून तुमच्या नोटिसा वाटत फिरले असते का?" सगळे हसले. पण संशय हसण्याने जात नाही. पुढच्या दवंडीला निम्म्या मोटारी पाण्यातच राहिल्या.

तर तो पूर. दसरा होऊन गेला होता. परतीचा पाऊस वर डोंगरात, आहुप्याच्या अंगाला कोसळत होता आणि आमच्याकडे डोकं तापेल असं ऊन. दवंडीला याच्यासारखा वाईट दिवस नाही. धरण आधीच तुडुंब असतं, वर पडेल तेवढं खाली सोडावं लागतं, पण खालच्या माणसाला डोक्यावर निळं आभाळ दिसतं. भरल्या पावसात सांगितलेलं निदान अर्धं पटतं. उन्हात पुराचं सांगणारी बाई येडी तरी असते नाहीतर लबाड.

त्या वेळी रंगनाथच्या मळईत मेंढरं बसलेली होती. मळई म्हणजे नदीपात्राला लागून गाळाची पट्टी. जमीन सोन्यासारखी, पण नदीच्या मर्जीतली. आणि मेंढरं बसवायची म्हणजे धनगराचा कळप रात्री आपल्या रानात मुक्कामाला ठेवायचा. लेंडीखत आणि मूत रानात मुरतं, कांद्याला त्याच्यासारखं दुसरं खत नाही. त्या बदल्यात शेतकरी धनगराला धान्य देतो. कळप एक आणि रानं अनेक, त्यामुळे दसऱ्यानंतर मेंढरांवरून गावात भावाभावांची तोंडं फिरतात.

इथेही तेच झालेलं. किसन हा रंगनाथचा चुलतभाऊ. त्याचं रान रंगनाथच्या मळईच्या वर, उंचावर, तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेलं. धनगराशी पहिलं बोलणं किसनने केलं होतं. रंगनाथने कळप रस्त्यातच गाठला, पायलीभर धान्य जास्त कबूल केलं आणि मेंढरं आपल्या मळईत उतरवली. तेव्हापासून दोघं एकमेकांकडे बघून थुंकत होते.

त्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते तर किसन दारात.

"वहिनी, दवंडी द्या. जावयाचा फोन आला व्हता. दुपारी दारं उघडणार, दिवस बुडायच्या आत पाणी आपल्यात."

त्याचा जावई वर धरणावर कामाला होता, हे खरं. बाकीचं खरं असेल असं मला वाटलं नाही.

"भाऊसायबांचा निरोप न्हाई मला," मी म्हटलं. तलाठ्याला आम्ही भाऊसाहेब म्हणतो.

"त्यांचा येईल तवा येईल. तवर मेंढरं वाहून जातील की."

"गावाच्या मोटारी हायत नदीत. तुला मेंढरांचीच काळजी लागली?"

"मुकं जनावर हाय, वहिनी."

"मग मुकं जनावर न्यायचं कुठं म्हणतोस?"

"आता जवळ उंचावर म्हटलं तर माझंच रान हाय," असं म्हणून तो माझ्या कोंबड्यांकडे बघायला लागला.

मी भाऊसाहेबांना फोन लावला. ते वरच्या गावांना पंचनाम्याला गेलेले, तिथे रेंज नाही. पुन्हा लावला, तेच. आता माझ्या हातात होता तो फक्त किसनचा शब्द आणि किसनचा शब्द मी नवऱ्याच्या वेळेपासून ओळखत होते. दवंडी दिली आणि पाणी आलं नाही तर पुढच्या वेळी हलगी फोडून वाजवली तरी कुणी हलणार नाही. दिली नाही आणि पाणी आलं तर मळईत धनगराची बाई, तिची तान्ही नात आणि सगळी कोकरं.

मी भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि नदीवर गेले. किसनची मोटार वर होती. काठाच्याही वर, बाभळीपाशी, केबल गुंडाळून, पाइपाचा चिखल अजून ओला. आणि त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती. लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. दिवसाची लाइट चालू असताना मोटार बंद ठेवणारा शेतकरी मी जन्मात पाहिला नाही. मला पटलं. हलगी आणली आणि वाजवायला सुरुवात केली.

काहींनी मोटारी काढल्या, काहींनी आभाळ दाखवलं. मी फार वेळ थांबले नाही, तडक मळईत उतरले. मळईच्या मागून नदीचं एक जुनं कोरडं पात्र जातं, ते ओलांडूनच मळईत जावं लागतं. रंगनाथ तिथे बांधावर बसून तंबाखू मळत होता.

"या, कोतवालीणबाई. किसननं धाडलं जणू?"

"पाण्यानं धाडलं. मेंढरं वर काढ."

"आभाळ बघा की जरा. ढग तरी हाय का?"

"ढग आहुप्याला हाय. पाणी तिकडनंच येतं."

"आन मेंढरं किसनकडं जात्यात, व्हय ना? सरळ बोला की राव."

"त्याची मोटार वर आलीय. बघून आले मी."

"दाखवायला काढलीय!" रंगनाथ हसला. "तुमी बघावी म्हणूनच काढलीय. कळपाचं खत मिळत असंल तर माणूस एक दिवस मोटार काढंल का न्हाई? तुमीच सांगा."

किसनने काढली असती. हा विचार माझ्या डोक्यात आधी आला नव्हता आणि आला तो रंगनाथमुळे. संशयी माणूस मूर्ख नसतो, हीच तर अडचण आहे.

मी धनगराच्या बाईकडे वळले. बायजा तिचं नाव. तिचा नवरा धुळा आणि मुलगा-सून कळप घेऊन चरायला गेलेले. ती वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या जागेवर, एकटी होती. कोकरं जाळीत कोंडलेली, तीन काठ्यांना बांधलेल्या झोळीत नात झोपलेली आणि ती दगडांच्या चुलीवर काहीतरी रटरटत ठेवून बसलेली.

"बाय, नदीला पाणी सुटतंय. वाडा हलवा," मी म्हटलं.

"मालक सांगंल तवा हलंल," ती म्हणाली. धान्य देणारा तो मालक.

"मालक काय पाणी थांबवणार हाय?"

"आन वर कुठं जायाचं? त्या तिकडं? ऊस हाय सगळा. बिबट्या बसलाय त्यात. परवाच्याला कोकरू नेलं आमचं, शेपूट बी न्हाई घावलं. हितं वाळूत चारी अंगाला दिसतं तरी."

"पाणी येईल त्याचं काय?"

"पाणी येतंय ते दिसतं. बिबट्या दिसत न्हाई."

"बाय, पाणी समोरनं येत न्हाई हितं. आदी मागचं पात्र भरतं. तू नदीकडं बघत बसशील आन मागनं वाट गेलेली असंल."

ती उठली आणि मागच्या कोरड्या पात्राकडे बघून आली. तिथून बैलगाडीची चाकोरी गेलेली होती, वर धूळ. परत येऊन बसली आणि चुलीत काटकी सारली.

"लई गावं बघितली," ती म्हणाली. "धनगराला उठवायचं असलं की कुनी पाणी सांगतं, कुनी पोलीस सांगतं. तुमी मालकाला इचारा."

मी मध्ये उभी राहिले. एकाला खत जायची भीती, एकीला बिबट्याची आणि धान्य बुडायची. तिघं बोललो, पण पाण्यावरून कुणी भांडलंच नव्हतं. भांडण होतं ते मेंढरं जाणार कुठे यावरून. मग मी पाण्याचं बोलायचं सोडून दिलं.

"रंगनाथ, मेंढरं किसनच्या रानात जाणार न्हाईत. बाजारतळावर जातील."

आमचा बाजारतळ गावाच्या वरच्या अंगाला, उघडा, मध्ये दिव्याचा खांब. आजूबाजूला ऊस नाही.

रंगनाथचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "बाजारतळावरचं खत कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई."

"नक्की?"

"नक्की. पाणी न्हाई आलं तर उद्या मेंढरं परत तुझ्या मळईत. आजचं धान्य मात्र तू द्यायचं, ठरलंय तसं."

"खत न्हाई आन धान्य द्यायचं?"

"मग वाहून गेल्यावर कुणाचं खत घेणार हायेस?"

तेवढ्यात वरच्या काठावरून किसन ओरडला. तो कधीपासून ऐकत उभा होता कोण जाणे. "बाजारतळ गावाचं हाय! मी बी गावातलाच हाय!"

"बघा! बघा!" रंगनाथ उठून उभा राहिला. "बोललो व्हतो का न्हाई?"

मी किसनला म्हटलं, "तुझी केबल तिकडं उघडी पडलीय. गेली तर मला सांगायला येऊ नको." तो तसाच वळून बाभळीकडे पळाला.

बायजाने मला विचारलं, "तिथं लाइट असती राती?" असते म्हटल्यावर ती उठली. मग मात्र तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. धुळाला हाळी गेली, कळप आला, कोकरं घोडीवर चढली, झोळी पाठीला बांधली. या लोकांना उठायला वेळ लागत नाही. उठायचं ठरवायला लागतो.

रंगनाथ कळपाच्या मागे मागे निघाला. मला वाटलं, मदतीला. नाही. वाट किसनच्या बांधावरून जाते. एकही मेंढी तिकडे वळू नये म्हणून तो हातात काठी घेऊन बांधाच्या कडेने चालत होता. मळईतून तो उठला तो पुराला भिऊन नव्हे, किसनच्या बांधाची राखण करायला. माझं काम झालं. कशाने झालं याच्याशी मला घेणं नव्हतं.

पण त्याची स्वतःची मोटार त्याने काढली नाही. मी दोनदा सांगितलं. काढली असती तर किसनचं खरं मानल्यासारखं झालं असतं.

दुपार कलल्यावर भाऊसाहेबांचा मेसेज आला. विसर्ग वाढवण्यात आला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. मी तो रंगनाथला दाखवला. "मेसेज काय," तो म्हणाला, "कुनीबी टाइप करतंय."

उन्हं उतरायला लागली आणि खालून एक माणूस बोंबलत आला की मागचं पात्र भरलं. आम्ही बाजारतळाच्या कडेवरून पाहिलं. चाकोरी दिसत नव्हती. मळई अजून कोरडी होती, नदीही काठातच होती आणि मागून तांबडं पाणी शांतपणे वाट खात चाललं होतं. बायजा माझ्या शेजारीच उभी होती. तिने झोळी पाठीवरून पुढे घेतली.

रंगनाथने धोतर खोचलं आणि उतारावर पळत सुटला.

"कुठं चाललास?"

"मोटार! अजून गुडघ्याएवढं बी न्हाई पाणी. येतो काढून!"

त्याला दोघांनी हाका मारल्या. बायकोने मारल्या. थांबेना. पाण्याची भीती घालून तो थांबणारा नव्हता, कारण पाण्यावर त्याचा विश्वासच नव्हता. मी जोरात ओरडले, आवाज माझा दवंडीचा आहे, लांब जातो.

"जा, खुशाल जा! तू खाली गेलास की किसन मेंढरं घेऊन जातोय!"

तो उभा राहिला. वळून वर बघितलं. किसन बाजारतळाच्या कोपऱ्यावर होताच, दोन्ही हात मागे बांधून, मेंढरांकडे बघत. रंगनाथ एकदा नदीकडे बघे, एकदा किसनकडे. मग शिव्या देत वर आला आणि बाजारतळाच्या ओट्यावर किसनच्या समोर बसला. दोघं दिवस बुडेपर्यंत तसेच बसून होते, एकमेकांवर नजर ठेवून. तेवढ्यात मळई पाण्याखाली गेली. रंगनाथची मोटार गेली ती पुन्हा सापडली नाही.

मी खोटं बोलले का, असं मला पुढे एकीने विचारलं. मला नाही वाटत. रंगनाथ खाली गेला असता तर किसनने मेंढरं नेली असतीच.

सकाळी मी बाजारतळावर गेले तर दोघंही पाट्या घेऊन लेंड्या गोळा करत होते. एक या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. मध्ये आल्यावर भांडण झालं. दुसऱ्या दिवशी बाजार होता, भाजीवाल्या बायकांनी वासावरून मला शिव्या घातल्या. बायजा दोन दिवसांनी कळप घेऊन पारगावच्या बाजूला गेली. जाताना माझ्या दारात थांबली. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. तिने पदराच्या गाठीतून बाटलीच्या काचेचा तुकडा काढून दाखवला. "तुमच्या बाजारतळावर मेंढीच्या खुरात घुसली," म्हणाली, आणि निघाली. काच माझ्या हातात ठेवून. आभार वगैरे मानले नाहीत. मी असते तर मीही मानले नसते.

आता तुम्हाला वाटेल, रंगनाथला शहाणपण आलं असेल. त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं की किसनने जावयाला सांगून धरणाची दारं उघडायला लावली, मेंढरांसाठी.

"धरणाची दारं एका जावयाच्या सांगण्यावर उघडत न्हाईत," मी म्हटलं.

"मग त्याला सकाळीच कसं कळलं? सरकारच्या आदी? बोला!"

पुढच्या पावसाळ्यात निरोप आला, मी हलगी घेऊन निघाले तर रंगनाथची नवी मोटार माझ्या आधी वर. मी विचारलं, "यंदा बसला जणू इश्वास?"

"तुमच्यावर न्हाई बसला," तो म्हणाला. "किसननं काढली म्हणून काढली. जावई वर हाय त्याचा."

त्याचं बघून बाकीचे बघायला लागले. दोनतीन वर्षांत असं झालं की दवंडी ऐकली की लोक एकमेकांना एकच विचारायचे, किसनची मोटार वर आली का? वर असली तर सगळ्यांच्या वर. मग मीही शहाणी झाले. निरोप आला की हलगी घ्यायच्या आधी किसनच्या घरी जायचे आणि त्याला उजेडातच मोटार काढायला लावायचे. तो कुरकुरायचा, "माझ्याच का मागं लागता दर साली?" खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्यातून काहीतरी काढलं असतं.

मी निवृत्त झाले. आता पुराचा इशारा मोबाइलवर येतो, फोनच बोंबलतो. पहिल्यांदा तो चाचणीचा भोंगा वाजला तेव्हा डेअरीवर दूध घालायला रांग होती. सगळ्यांच्या खिशांत एकदम किंचाळायला लागलं. एकाच्या हातातून किटली पडली. एकाने फोन बंद करून टाकला, बँकेतले पैसे जातील म्हणून. रंगनाथने फोन पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिला. काय लिहून आलंय ते कुणीही वाचलं नाही. त्या भोंग्याला माझ्यासारख्या शिव्या घालता येत नाहीत आणि तो कुणाच्या दारात जाऊन बसत नाही. त्याच्याकडून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

किसन गेल्या उन्हाळ्यात वारला. मुलगा चाकणला कंपनीत, रान पडीक. यंदा भर श्रावणात फोन किंचाळले. मी काठीच्या आधाराने काठावर गेले. माणसं जमली होती आणि खाली बघत उभी होती. किसनची मोटार पाण्यात होती. ती काढणारं कुणी राहिलं नव्हतं, पण लोकांच्या डोक्यात ते येत नव्हतं. एकजण म्हणाला, "त्याची तर खालीच हाय की. काय येत न्हाई पाणी." आणि दोघं घरी निघालेही.

मी रंगनाथकडे गेले. तो ओसरीवर गुडघे चोळत बसलेला.

"किसनची मोटार खाली हाय," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय न्हाई. सांगितलं."

मी कशासाठी आले असेन ते ताडत त्याने गुडघे चोळायचे थांबवले. मग उठला, मुलाला ट्रॅक्टर काढायला लावला आणि दोर घेऊन गेला. म्हातारा स्वतः पाण्यात उतरला नाही एवढं नशीब. आधी किसनची मोटार वर ओढली, बाभळीपाशी आणली, मग स्वतःची. तासाभरात सगळ्या काठाच्या मोटारी वर आल्या. पाणी संध्याकाळी आलं.

मी विचारलं, "त्याची का काढलीस आदी?"

"केबल चांगली व्हती," तो म्हणाला. "कुनीतरी नेलीच असती."

मोटार आता त्याच्याच ओसरीला आहे. केबल नीट गुंडाळून, वर पोतं टाकून. किसनच्या मुलाला मी निरोप धाडलाय की ये आणि घेऊन जा. रंगनाथचा काही भरवसा नाही.